थंड दरीतील वाइन: साखर उधार, आंबटपणा रोख

शरदातली सकाळ आहे. दरीच्या तळाशी धुके अजून साचलेले आहे आणि उताराच्या मधल्या पट्ट्यात शंभरएक वेलींमधून एक बागायतदार हिंडत आहे. वरच्या घडातला एक मणी, खालच्या घडातला एक, उन्हाच्या बाजूचा एक, पानांच्या सावलीतला एक, असे करत तो शंभर मणी एका पिशवीत गोळा करतो, पिशवीतच चिरडतो आणि रसाचे दोन थेंब साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून उजेडाकडे धरतो. आकडा दिसतो 19.5 ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण साडेएकोणीस ग्रॅम साखर. उरलेला रस घरी नेऊन तो आम्लता तपासतो, तेव्हा ती लिटरमागे 11 ग्रॅम भरते. साखर थोडी कमी आहे आणि आंबटपणा बराच जास्त आहे. आणखी आठ दिवस थांबले तर साखर एखाद्या अंशाने वाढेल आणि आंबटपणा ग्रॅम-दीड ग्रॅमने उतरेल. पण चौथ्या दिवसापासून पावसाचा अंदाज आहे, आणि पिकत आलेल्या घडावर पाऊस पडला की मणी फुगून तडकतात आणि तडकलेल्या मण्यांवर करडी बुरशी चढते.

थंड हवामानाच्या दरीत छोट्या प्रमाणावर वाइन करणे म्हणजे काय, हे समजायचे असेल तर या दोन आकड्यांमधली ओढाताण समजून घ्यावी लागते. उष्ण प्रदेशात साखर आपसूक येते आणि आंबटपणा टिकवण्यासाठी धडपडावे लागते. येथे आंबटपणा रोख हातात पडतो आणि साखर उधारीवर, तीही हवामानाने मनावर घेतले तर. कोल्ह्याने ज्यांच्याकडे पाठ फिरवली त्या द्राक्षांवरच येथला सगळा व्यवहार उभा आहे. नवखा माणूस आंबटपणाला शत्रू समजतो आणि पहिल्या दिवसापासून तो कमी करण्याच्या मागे लागतो. माझ्या मते थंड प्रदेशातली ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण पुढे तळघरात वाइनचा वास आणि रंग राखणारा आणि जंतूंना दूर ठेवणारा हाच आंबटपणा असतो.

थंड म्हणजे किती थंड, याची मोजमापे ठरलेली आहेत. वेलीच्या वाढीच्या सात महिन्यांचे सरासरी तापमान साधारण 13 ते 15 अंश सेल्सिअस असेल तर तो प्रदेश थंड गटात धरतात. 19 अंशांच्या पुढे उष्ण गट सुरू होतो. दुसरी पद्धत उष्णतेची बेरीज करण्याची आहे. 10 अंशांच्या खाली द्राक्षवेलीची वाढ जवळजवळ थांबते, म्हणून रोजच्या सरासरी तापमानातून 10 वजा करून उरलेले अंश खात्यात जमा करत जायचे. सरासरी 16 असलेल्या दिवशी 6 अंश जमा होतात. सरासरी 9 असलेला दिवस कोरडा जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेनार्ड अमेरीन आणि अल्बर्ट विंकलर यांनी 1944 मध्ये 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर या काळातील अशी बेरीज घेऊन द्राक्षप्रदेशांचे पाच गट पाडले. सेल्सिअसच्या हिशेबात ज्यांची बेरीज 1390 च्या आत राहते ते पहिल्या, म्हणजे सर्वांत थंड गटात येतात.

मात्र हा आकडा दरीतल्या एखाद्या हवामान केंद्रावरून उचलून आपल्या बागेला लावला तर फसगत होते, कारण एकाच दरीत हाकेच्या अंतरावर दोन वेगळी हवामाने नांदत असतात. पहिले कारण उताराचे. 50 अंश अक्षांशावर सप्टेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 40 अंश वर येतो, त्यामुळे सपाट जमिनीवर त्याची किरणे तिरपी पसरतात. तीच जमीन दक्षिणेकडे 30 अंश उतरती असेल तर किरणे जवळजवळ सरळ पडतात आणि प्रत्येक चौरस मीटरला मिळणारी थेट उष्णता सुमारे दीडपट होते. (दक्षिण गोलार्धात हा उतार अर्थातच उत्तरेकडे तोंड करून असावा लागतो.) जर्मनीतील मोझेल नदीच्या काठी साठ अंशांहून अधिक चढाच्या कड्यांवर वेली लावलेल्या आहेत, तेथे यंत्र चढत नाही, बहुतेक कामे हातांनी आणि पाठीवर टोपली घेऊन करावी लागतात, आणि तरीही माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच बागा राखून आहेत. रीसलिंग हे उशिरा पिकणारे वाण तेवढ्या उत्तरेला पिकते ते बरेचसे या उतारांमुळे. तिथली काळपट पाटीच्या दगडाची जमीन दिवसा तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते, तर वळणावळणाने वाहणारी नदी रात्रीची थंडी थोडी बोथट करते.

दुसरे कारण थंड हवेचे, आणि छोट्या बागायतदाराने खरे तर याचाच अभ्यास आधी करावा. थंड हवा जड असते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि पाण्यासारखी उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते; तिच्यामुळे वर ढकललेली उबदार हवा उताराच्या मधल्या भागाला बिलगून राहते. म्हणून तळाशी दव गोठलेले असताना मधल्या पट्ट्यात पाने कोरडी असतात, आणि आणखी वर गेले की दर शंभर मीटरला साधारण 0.6 अंश या हिशेबाने पुन्हा थंडी वाढते. थंड हवेची वाट पाहायची असेल तर अशा एखाद्या संध्याकाळी उतारावर थोडा धूर करावा आणि तो कोठे सरकतो ते पाहावे. बागेच्या खालच्या कडेला दाट कुंपण किंवा भिंत असेल तर थंड हवा धरणासारखी तेथे अडते आणि खालच्या चार-पाच रांगा तिच्यात बुडतात. कुंपणात दोन ठिकाणी रुंद खिंड पाडणे एवढ्या एका उपायाने त्या रांगा वाचल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि त्याला खर्च फक्त एका दिवसाच्या कष्टाचा.

हे सारे महत्त्वाचे ठरते ते वसंतात. विश्रांतीत असलेल्या युरोपीय वाणाच्या वेलीला उणे 15 अंशांची थंडी सहसा सोसते. पण डोळा फुटून कोवळी पालवी बाहेर आली की उणे 1 किंवा 2 अंशही तिला काळी पाडायला पुरतात. तळातल्या रांगा धोक्यात असतील तर काही जण रात्रभर वेलींवर पाण्याचे तुषार सोडतात. बर्फ टाळण्यासाठी वेलीवर बर्फच चढवायचा, हे ऐकायला विचित्र वाटते. पण एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे 80 कॅलरी उष्णता बाहेर टाकते, आणि जोवर नवे पाणी गोठत राहते तोवर आतली पालवी शून्य अंशाच्या आसपास तगून राहते. पाणी मध्येच बंद पडले तर मात्र ओल्या पालवीवरून बाष्पीभवन होऊन ती आणखी गार होते, म्हणून सकाळी बर्फ वितळू लागेपर्यंत तुषार चालू ठेवावे लागतात. हिवाळ्यातल्या टोकाच्या थंडीवर असा उपाय चालत नाही. कॅनडातील ओकानागन दरीत जानेवारी 2024 मध्ये तापमान उणे 20 अंशांच्याही बरेच खाली गेले, डोळे आतल्या आत मेले आणि त्या वर्षीचे जवळजवळ सगळे पीक हातचे गेले. मोठे सरोवर शेजारी असूनही तेथे ही वेळ आली.

आता मण्याच्या आत काय चालते ते पाहू. फुलोऱ्यानंतर मणी धरतो तेव्हा तो कडक, हिरवा आणि विलक्षण आंबट असतो. त्यात दोन मुख्य आम्ले असतात, टार्टारिक आणि मॅलिक. उन्हाळा सरताना मण्यात पाणी उतरते, म्हणजे तो मऊ पडतो, काळ्या वाणांत रंग धरतो आणि पानांनी तयार केलेली साखर आत येऊ लागते. याच सुमारास मणी मॅलिक आम्ल जाळून त्याचा इंधनासारखा वापर करू लागतो. पाणी उतरण्यापूर्वी लिटरमागे 20 ग्रॅमच्या वर असलेले हे आम्ल उष्ण प्रदेशात काढणीपर्यंत एक-दोन ग्रॅमवर येते. थंड दरीत चार ते सहा ग्रॅम शिल्लक राहते, कारण हे ज्वलन तापमानावर अवलंबून असते आणि रात्री गार पडल्या की ते मंदावते. टार्टारिक आम्ल तुलनेने स्थिर राहते. त्यामुळे थंड दरीतला आंबटपणा उष्ण प्रदेशातल्या आंबटपणाहून केवळ जास्त नसतो, त्याची जातही वेगळी असते. हिरव्या सफरचंदाची आठवण देणारा त्याचा करकरीतपणा मॅलिकचा असतो. हा भेद पुढे तळघरात फार कामाचा ठरतो.

साखर आणि वास एकाच वेळी पिकतात असेही नाही. सावीन्यॉ ब्लां, काबर्ने यांसारख्या वाणांत मेथॉक्सिपायराझीन नावाची संयुगे असतात, ती ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास देतात आणि ऊन व ऊब मिळाली तर ओसरतात. थंड वर्षात ती टिकून राहतात. म्हणून नुसता ब्रिक्सचा आकडा पाहून भागत नाही. मणी चघळून पाहावा लागतो, बी हिरवी आहे की तपकिरी झाली आहे, दाताखाली कुडकुडते की नाही, साल चोखल्यावर तोंड किती आवळते, हे पाहावे लागते. अनुभवी माणसे उपकरणाआधी जिभेवर विश्वास ठेवतात, आणि मला ते पटते, फक्त जिभेचा कौल त्याच दिवशी वहीत उतरवलेला असावा.

वाणाची निवड हा त्यामुळे पहिल्याच वर्षी घ्यायचा आणि पुढची तीस वर्षे भोगायचा निर्णय आहे. लवकर पिकणारे वाण थंड दरीला मानवते: पिनो न्वार, शार्दोने, पिनो ग्री. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात विलामेट खोऱ्यात डेव्हिड लेट या तरुणाने 1965 मध्ये पिनो न्वारच्या काड्या नेल्या, तेव्हा तो प्रदेश द्राक्षांसाठी फार थंड आणि ओला आहे असेच बहुतेकांचे मत होते. आज त्या खोऱ्याची ओळखच त्या वाणाने होते. जेथे हिवाळा याहून कडक असतो तेथे अमेरिकी रानटी वेलींशी संकर करून काढलेली वाणे लावतात. मिनेसोटा विद्यापीठाने 2006 मध्ये आणलेले ‘मार्केट’ (Marquette) हे काळे वाण त्यांपैकी एक. संकरित वाणांना नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला वाटते की ज्याला दर तिसऱ्या वर्षी गोठलेल्या काड्या छाटायच्या नसतील त्याने या वाणांची वाइन आधी चाखून पाहावी आणि मग मत बनवावे.

बागेतल्या हंगामी कामांबद्दल थोडक्यात सांगायचे तर थंड दरीत प्रत्येक कामाचा रोख घडाला ऊन आणि वारा मिळवून देण्याकडे असतो. घडांभोवतीची पाने काढायची, पण सकाळच्या उन्हाच्या बाजूची आधी, म्हणजे दव लवकर वाळते. बगलफुटी काढायच्या, शेंडा योग्य वेळी मारायचा आणि एका काडीवर जास्त घड असतील तर विरळणी करायची, कारण वेलीच्या पानांना जेवढी साखर तयार करता येते तेवढीच सगळ्या घडांत वाटली जाणार असते. रोगांपैकी भुरी आणि केवडा हे दोन्ही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात आले. केवड्यावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण चालते हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये प्रसिद्ध केले आणि ते अजूनही वापरात आहे. तांबे जमिनीत साठत जाते, म्हणून त्याचा हात आखडता ठेवणे शहाणपणाचे.

पुन्हा त्या 19.5 च्या आकड्याकडे येऊ. ब्रिक्सला साधारण 0.57 ने गुणले की संभाव्य मद्यार्काचा अंदाज मिळतो, म्हणजे येथे सुमारे 11 टक्के. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. त्यामुळे 11 चे 12 करायचे असतील तर शंभर लिटर रसाला सुमारे 1.7 किलो साखर लागेल. ही युक्ती जुनी आहे. नेपोलियनच्या काळात मंत्री असलेले रसायनशास्त्रज्ञ झां-आंत्वान शाप्ताल यांनी तिचा पुरस्कार केला आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. युरोपीय संघात प्रदेशाच्या थंडीप्रमाणे तिला मर्यादा घातलेल्या आहेत. सर्वांत थंड विभागात मद्यार्क 3 टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. साखर घालणे ही लबाडी आहे असे मानणारे लोक भेटतात. मद्यार्कात एका टक्क्याची भर घालण्यात मला काही गैर वाटत नाही, पण कच्च्या मण्याला साखरेने पिकवता येत नाही एवढे ध्यानात ठेवले पाहिजे. हिरवट वास आणि हिरवी बी जेथल्या तेथेच राहतात आणि वर नुसता मद्यार्क चढतो.

शंभर वेलींपासून वेलीमागे दीड किलो धरले तर 150 किलो द्राक्षे, त्यांतून नव्वद ते शंभर लिटर रस आणि गाळ-गळती वजा जाता 120 च्या आसपास बाटल्या होतात. छोट्या प्रमाणाची अडचण या आकड्यांतच आहे. रस आंबतो तेव्हा यीस्ट साखरेपासून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते आणि उष्णताही बाहेर टाकते. ही सगळी उष्णता आत कोंडली तर रसाचे तापमान पंचवीस अंशांहून जास्त वाढू शकते. मोठ्या कारखान्यात टाक्या थंड ठेवण्यासाठी यंत्रे लागतात ती यामुळे. 20 लिटरच्या काचेच्या बरणीत मात्र दर लिटरमागे उघडा पृष्ठभाग 2000 लिटरच्या टाकीच्या साडेचार पट असतो, ती उष्णता लगेच बाहेर जाते, आणि शरदातल्या 10-12 अंशांच्या तळघरात आंबण्याची क्रिया अर्ध्यावरच थबकते. सफेद वाइनसाठी 14 ते 18 अंश पुरे, तिचे वास त्या गारव्यातच टिकतात. लाल वाइनला मात्र 25 अंशांच्या आसपास जावे लागते, नाहीतर सालीतला रंग नीट सुटत नाही. म्हणून छोटा वाइनकार लाल रसाच्या पिंपाला जुनी गोधडी गुंडाळतो, आणि हे दिसायला कितीही घरगुती वाटले तरी यामागचे भौतिकशास्त्र चोख आहे.

सफेद आणि लाल यांच्या कृतीत मूळ फरक एवढाच की सफेदसाठी द्राक्षे आधी दाबून रस वेगळा करतात, रात्रभर गाळ बसू देतात आणि निवळलेला रस आंबवतात; लाल वाइनसाठी मणी फोडून साल आणि बियांसकट आंबवतात आणि दाबण्याचे काम शेवटी करतात. आंबताना वायूमुळे साली वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो. तो दिवसातून दोनदा खाली दाबला नाही तर वर वाळतो आणि व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचे घर होतो. थंड वर्षात बिया हिरव्या असतील तर हा थर हलक्या हाताने दाबावा, कारण अशा बियांतून उतरणारा तुरटपणा पुढे वर्षानुवर्षे जात नाही.

येथे एक इशारा देणे भाग आहे. एक लिटर रस पूर्ण आंबला की सुमारे 50 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे शंभर लिटर रसामागे 5000 लिटर. हा वायू हवेहून जड असतो आणि तळघराच्या तळाशी साचतो. जुनी माणसे मेणबत्ती घेऊन उतरत, ती विझली की परत फिरत. ही कसोटी अपुरी आहे, कारण हवेत या वायूचे प्रमाण 10 टक्के झाले तरी मेणबत्ती जळत राहू शकते आणि तोवर माणूस शुद्ध हरपून खाली पडलेला असतो. दार-खिडक्या उघडून खालची हवा बाहेर काढणारा पंखा लावावा, वायुमापक असेल तर उत्तमच, आणि आंबण्याच्या भरात असलेल्या बंद तळघरात एकट्याने कधीही उतरू नये.

साखर संपली, वाइन गाळावरून काढली, आणि आता त्या 11 ग्रॅमच्या आंबटपणाकडे पाहायची वेळ आली. मॅलिक आम्लाचा भेद येथे उपयोगी पडतो. ईनोकॉकस ईनी नावाचे जिवाणू मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. मॅलिकच्या रेणूत आम्लाचे दोन गट असतात आणि लॅक्टिकमध्ये एकच, त्यामुळे पाच ग्रॅम मॅलिक असलेल्या वाइनची एकूण आम्लता साधारण पावणेतीन ग्रॅमने उतरते. 11 चे सव्वाआठ होतात. हिवाळ्यात तळघर गार पडल्यावर टार्टारिक आम्लाचा काही भाग पोटॅशियमशी बांधला जाऊन बारीक स्फटिकांच्या रूपाने तळाशी बसतो आणि आकडा आणखी खाली येतो. म्हणजे ज्या आंबटपणाने काढणीच्या दिवशी घाम फोडला होता त्याचा तिसरा हिस्सा कोणी हात न लावता निघून गेला. खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घालून आम्लता उतरवता येते, लिटरमागे 0.67 ग्रॅम पुडीने सुमारे एक ग्रॅम. पण ती पूड टार्टारिक आम्लच नेते आणि करकरीत मॅलिक मागे ठेवते, म्हणून तो उपाय अगदी वाईट वर्षासाठी राखून ठेवावा आणि त्या वर्षीही कमीत कमी वापरावा. रीसलिंगसारख्या सुगंधी सफेद वाइनला मात्र हे जिवाणू लागू देत नाहीत. त्यांच्यामुळे लोण्यासारखा वास येतो आणि फुला-फळांचा नाजूक गंध दबतो. तेथे आंबटपणाला तोल म्हणून थोडी साखर शिल्लक ठेवण्याची रीत आहे.

या जिवाणूंना 18 ते 22 अंशांची ऊब आवडते. तळघर बारा अंशांवर गेले की ते झोपी जातात आणि वसंतात ऊब आली की पुन्हा कामाला लागतात. यात एक सापळा आहे. फेब्रुवारीत वाइन शांत आणि नितळ दिसते, माणूस ती बाटल्यांत भरून बूच मारतो, आणि एप्रिलमध्ये बाटलीतच वायू धरू लागतो, बुचे वर सरकतात. मॅलिक आम्ल संपले आहे की नाही हे कागदी वर्णलेखनाच्या (पेपर क्रोमॅटोग्राफीच्या) साध्या चाचणीने घरीही तपासता येते. ती चाचणी होईपर्यंत बूच मारायचे यंत्र बाहेर काढू नये.

आंबटपणाला मी भांडवल म्हणतो त्याचे खरे कारण गंधकाच्या हिशेबात दिसते. वाइन खराब होऊ नये म्हणून तिच्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या रूपाने थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात. घातलेल्यापैकी जंतूंना रोखणारा भाग फारच थोडा असतो आणि तो किती असेल हे पीएचवर ठरते (हा आंबटपणाच्या तीव्रतेचा आकडा, जितका कमी तितकी वाइन आंबट). वाइनचा पीएच 3.2 असेल तर सफेद वाइनच्या रक्षणासाठी लिटरमागे सुमारे 20 मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे वाइनमधल्या इतर घटकांशी न बांधलेला, सल्फर डायऑक्साइड पुरतो. पीएच 3.6 झाला की त्याच रक्षणासाठी 50 मिलिग्रॅम लागतो. थंड दरीतली आंबट वाइन त्यामुळे अडीच पट कमी रसायनावर सुरक्षित राहते. 23 लिटरच्या बरणीला 20 मिलिग्रॅमची मात्रा देण्यासाठी लागणारी पूड एक ग्रॅमही भरत नाही, ती चिमटीने नव्हे तर बारीक काट्यावर तोलावी. ज्याने घाबरून ऑक्टोबरातच खडू ओतून पीएच वर नेला त्याला हिवाळाभर हे जास्तीचे गंधक मोजत बसावे लागते.

हवेपासून बचाव हे छोट्या वाइनकाराचे उरलेले दुखणे. 225 लिटरच्या लाकडी पिंपात वर पेलाभर जागा रिकामी राहिली तर ती अंगावर येत नाही, लगेच भरून काढता येते. 23 लिटरच्या बरणीतून गाळ काढताना दोन लिटर गेले की मान सोडून खांद्यापर्यंत हवा येते, आणि वाइनचा तळहाताहून मोठा पृष्ठभाग तिला भिडतो. म्हणून पाच लिटर, एक लिटर आणि पाऊण लिटर अशी भांड्यांची उतरंड आधीपासून जवळ असावी, म्हणजे प्रत्येक वेळी गाळ काढल्यावर वाइन बसेल त्या मापात काठोकाठ भरता येते.

राहता राहिल्या त्या तळातल्या रांगा, जेथे धुके उशिरापर्यंत रेंगाळते आणि आकडा 17.5 च्या वर जायलाच तयार नसतो. त्या द्राक्षांची साधी वाइन केली तर ती पातळ आणि दात आंबवणारी होते. फेसाळ वाइनला मात्र हीच द्राक्षे हवी असतात. 49 अंश अक्षांशावरच्या शाम्पेन प्रदेशाने आपला लौकिक याच हिशेबावर उभारला आणि इंग्लंडच्या दक्षिणेतल्या चुनखडीच्या टेकड्याही आता त्याच वाटेने गेल्या आहेत. आधी सुमारे 10 टक्के मद्यार्काची कोरडी, आंबट वाइन करायची; मग तिच्यात लिटरमागे 24 ग्रॅम साखर आणि ताजे यीस्ट घालून बाटलीत भरायचे आणि घट्ट झाकण लावायचे. बाटलीतल्या दुसऱ्या आंबण्यात मद्यार्क सव्वा-दीड टक्क्याने वाढतो, म्हणून पहिला आकडा कमी असलेलाच बरा, आणि वायू बाहेर न पडल्याने सुमारे सहा वातावरणांचा दाब तयार होतो, मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या अडीच पटीहून अधिक. यीस्टच्या गाळावर वर्ष-दीड वर्ष मुरल्यावर बाटली हळूहळू उलटी करत गाळ मानेत आणतात, मान गोठवतात आणि झाकण उघडून गोठलेला गाळ दाबानेच बाहेर उडवून देतात. 24 ग्रॅमऐवजी अंदाजाने मूठभर साखर पडली, किंवा पहिल्या आंबण्यातली साखर संपली आहे याची खात्री न करता वर नवी घातली, तर जाड काचेची बाटलीही फुटते. साध्या वाइनच्या बाटलीत तर हा प्रयोग करूच नये, आणि मुरत ठेवलेल्या बाटल्यांजवळ जाताना जाड हातमोजे आणि चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालूनच जावे.